युनियनच्या सरचिटणीसांना धमक्या येताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगारांची युनियन बांधायला घेतल्यापासून सरचिटणीस ताईंना धमकीचे फोन येताहेत. परवा तर थेट "दत्ता सामंत आठवा" असं ऐकवलं. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांना १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत भर रस्त्यात गोळ्या घातल्या, ते कोण विसरेल? भिलाईचे कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांनी जिवाला असलेला धोका कॅसेटवर बोलून ठेवला होता, तरी १९९१ मध्ये झोपेत त्यांचा खून झाला. म्हणून पोलिसांतली नुसती नोंद पुरेशी वाटत नाही.

पोलीस ठाण्यात अदखलपात्र (कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही अशी) नोंद करून बोळवण केली. पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने लेखी तक्रार पाठवली आहे. तिथेही दाद लागली नाही तर सरळ मॅजिस्ट्रेटकडे जायचं का?

साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो, पण गुन्हाच दाखल नसेल तर तो घेतात का? कुणी केलाय का असा अर्ज? कॉलचं रेकॉर्डिंग कोर्टात टिकावं म्हणून फोन तसाच जपायचा की आणखी काही करावं लागतं?

ताई रात्रपाळी सुटल्यावर एकट्याच घरी जातात. कामगार चळवळीतल्या अनुभवी वकिलांनी कृपया लवकर सांगावं.