विषय: दादाच्या मुलीला स्कॉलरशिपसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलमध्ये हे हरवून जाईल म्हणून वेगळा मेल करतेय. आमच्याकडे 11 वर्षं काम करणारी दादा (नवीन आलेल्यांसाठी, इथे दादा म्हणजे ताई), तिची मुलगी इथे टांझानियातच मोरोगोरोच्या सोकोइने युनिव्हर्सिटीतून ॲग्री करून 3 वर्षं डोडोमाकडे बीबी शांबा आहे, आपल्याकडची कृषी सहायक समजा. तिथे ज्वारी फार, आणि मुलीच्या डोक्यात एकच विषय, टारफुला हे तण. हो, आपल्या सोलापूरकडे ज्वारीच्या मुळांवर येतो तोच! त्यावर तिला बाहेर जाऊन मास्टर्स करायचंय.

परवा दादा आली तीच रडत. दार-ए-सलामच्या कारियाकूतल्या एका एजंटने "जागा पक्की, फक्त प्रोसेसिंग भरा" म्हणून मुलीकडून 4 लाकी (लाख शिलिंग) घेतले आणि आता फोन उचलत नाही. आईने ते पैसे माझ्याकडूनच उचल म्हणून घेतले होते, घराच्या पत्र्यांसाठी म्हणून. मला आधी विचारलं असतं तर, असं सारखं मनात येतंय. कुणाला खरे मार्ग माहीत असतील तर प्लीज सांगा.

—

ताई, वाचून फार वाईट वाटलं. पहिली गोष्ट तिला सांगा, ब्रिटनच्या चेव्हनिंग आणि कॉमनवेल्थ स्कॉलरशिप, जर्मनीची डाड, यातलं कुणीही अर्जासाठी एक शिलिंग घेत नाही. पैसे मागितले की तिथूनच उठायचं.

या देशाला स्कॉलरशिप काय देते ते पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्याकडे बघा. ताबोरात मास्तर होते, 1949 ला स्कॉलरशिपवर एडिनबरोला गेले, 1952 ला एम.ए. होऊन परत आले, पुढचं सगळं आपल्याला माहीतच आहे.

मी स्वतः राहुरीचा, त्यामुळे मला तर वाटतं तिने भारतातच जावं. आयसीसीआरचा (भारत सरकारच्या स्कॉलरशिपचा) अर्ज ऑनलाइन असतो, एकाच अर्जात 5 युनिव्हर्सिट्या टाकता येतात, फक्त वय 30 च्या आत हवं. मालदांडीच्या मुलखात तिला ज्वारी परकी वाटायची नाही.

—

काका, तुमचं पटतंय, आयसीसीआर दुसरा पर्याय म्हणून नक्की ठेवूया. पण मी ऑफिसातल्या तिघांचे फॉर्म वाचून दिलेत त्यावरून सांगते, हिच्यासाठी डाडचं इपॉसच (त्यांची एक स्कॉलरशिप) बनवलंय असं वाटावं इतकं फिट आहे. विकसनशील देशांतल्या नोकरी करणाऱ्यांसाठीच आहे ते, 2 वर्षांचा अनुभव लागतो आणि पदवी साधारण 6 वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, म्हणजे हिची वेळ अगदी बरोबर आहे. अर्ज डाडकडे नाही, थेट त्या कोर्सला जातो, उष्ण प्रदेशातल्या शेतीचा असा कोर्स बॉनला आहे, ग्योटिंगेनलाही शेतीचा आहे. प्रत्येकाची तारीख वेगळी, त्यामुळे आजच बघायला लागा.

चेव्हनिंगला 2,800 तासांचं काम मागतात, तेही तिचं झालंय, पण शिक्षण संपल्यावर 2 वर्षं मायदेशी परतावं लागतं आणि फॉर्म ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतो. युरोपच्या एरास्मुस मुंडुस स्कॉलरशिपला महिना 1,400 युरो मिळतात, पण स्पर्धा प्रचंड.

आणि एक, आमच्या ऑफिसातला एक हुशार मुलगा कशावर अडकला माहितेय? शिक्क्यावर. इपॉसला साहेबांचं पत्र लागतं, लेटरहेडवर, सही आणि मुहुरीसकट, म्हणजे शिक्क्यासकट. त्याने सही आणली, मुहुरी राहिली, साहेब अरुशाला गेलेले आणि तारीख निघून गेली. तेव्हा ते पत्र सगळ्यात आधी. मोटिव्हेशन लेटरमध्येही "मला देशसेवा करायचीय" वगैरे नको, टारफुल्याने कुणाच्या शेतात किती ज्वारी खाल्ली ते लिहू दे, ते दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. मी वाचून देईन, रात्री 9 नंतर कधीही.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिच्याशी तासभर बोलले. पत्राचं म्हटल्यावर म्हणाली, साहेब चांगले आहेत पण मी जाणार म्हटलं तर रागावतील, म्हणून अजून विचारलंच नाही! एजंटला पैसे देऊन बसली आणि समोरच्या टेबलावरच्या माणसाला विचारलं नाही. मी रागावले नाही, आपलीही मुलं अशीच घाबरतात. आज सकाळी तिने विचारलं आणि साहेब म्हणाले पत्र सोमवारी घेऊन जा.

डोडोमातल्या 4 गावांच्या शेतांची वही तिने स्वतः ठेवलीय, स्वाहिलीत, कुठल्या शेतात कधी उगवला, किती रोपं उपटली. फोटो पाठवले तिने, पानं लाल मातीने भरलेली. लेटर त्यातूनच लिहायचं ठरलंय.

पासपोर्टचे दीड लाकी मी भरतेय. इंग्लिशच्या परीक्षेच्या फीसाठी मंडळाच्या खात्यातून काही देता येईल का, ते कमिटीने शनिवारी आरतीनंतर ठरवावं. मुलगी त्या दिवशी दारला असेल, तिला घेऊन येतेय. काका, राहुरीचे तुमचे जुने फोटो असतील तर आणा, तिला ज्वारीची शेतं बघायचीयत.