अनुभव धागा: कॅनडात येणाऱ्या पाहुण्यांचे गैरसमज

धागाकर्ती

मे महिना उजाडला की भारतातून येणाऱ्यांचे फोन सुरू होतात. अस्वलं अंगणात येतात का, हा पहिला प्रश्न. जूनमध्ये थर्मल किती आणू, हा दुसरा. तिसरा प्रश्न विम्याचा असायला हवा, पण तो कुणीच विचारत नाही. इथे आपापल्या गावापुरतं लिहा. किस्से नकोत. पाहुण्यांना काय वाटतं, प्रत्यक्षात काय असतं आणि काय करायचं, एवढंच. अंतरं-आकड्यांसकट.

बॅन्फकर

सगळे अस्वलाला घाबरतात आणि एल्कच्या शेजारी उभं राहून फोटो काढतात. गावातल्या हिरवळीवर निवांत चरताना दिसतं म्हणून ते पाळलेलं वाटतं. आपल्या सांबराचा हा थोरला भाऊ, नर तीनशे किलोच्या पुढे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर माजावर असतात. मे-जूनमध्ये माद्या व्यायलेल्या असतात आणि पिल्लू झुडपात दडवलेलं असतं. तुम्हाला ते दिसत नाही, पण तुम्ही त्याच्या आणि आईच्या मध्ये आलात की ती पुढच्या खुरांनी मारते.

राष्ट्रीय उद्यानातली अंतरं पाठच करा. अस्वल, लांडगा, कायोटी (लांडग्याचा लहान भाऊ), कूगर (मोठं रानमांजर) यांच्यापासून १०० मीटर. एल्क, हरीण, मूस (सगळ्यात मोठं हरीण), डोंगरी मेंढ्यांपासून ३० मीटर. मीटरचा अंदाज येत नसेल तर एसटीच्या गाड्या एकापुढे एक उभ्या करा मनात: १०० मीटरला दहा, ३० ला तीन. आणखी सोपं म्हणजे हात लांब करून एक डोळा मिटायचा आणि अंगठा प्राण्यावर धरायचा. प्राणी अंगठ्याआड पूर्ण झाकला गेला नाही तर तुम्ही फार जवळ आहात. खायला घालण्याचा दंड २५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो, आणि यात खारीला दिलेला शेंगदाणाही आला.

आता बेअर स्प्रे. ओडोमॉससारखा तो अंगाला, कपड्यांना किंवा तंबूला मारायचा नसतो. तो मिरचीचा अर्क आहे. कापडावर सुकलेल्या त्या वासाने अस्वल उलट हुंगत येऊ शकतं. डबा पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवला तर त्याचा उपयोग शून्य. तो पट्ट्याला किंवा छातीवर, एका हाताने निघेल असा हवा. सुरक्षा-खिटी काढायची, तोंड किंचित खाली धरायचं आणि अस्वल साधारण पाच मीटरवर आलं की फवारायचं, म्हणजे ढग त्याच्या नाकासमोर उठतो. सगळा डबा सात-आठ सेकंदांत संपतो, त्यामुळे लांबून "जरा मारून बघू" असं करायचं नाही. वारा तोंडावर असेल तर अर्धा फवारा आपल्यालाच. डब्यावरची मुदत बघा, ती तीन-चार वर्षांची असते. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवला तर फुटू शकतो. विमानात हा डबा चालत नाही, सामानाच्या बॅगेतही नाही. म्हणून कॅलगरीत उतरल्यावर घ्या आणि परतताना कुणाला तरी देऊन जा.

रंगावरून अस्वल ओळखू नका. काळं अस्वल तपकिरी, अगदी दालचिनीच्या रंगाचंही असतं. दुसरी जात ग्रिझली, म्हणजे मोठं तपकिरी अस्वल. तिच्या खांद्यावर उंचवटा असतो, तो बघा. दोन्हींसमोर पळायचं नाही. शांत आवाजात बोलत मागे सरकायचं. झाडावर चढणं हा उपाय नाही, काळं अस्वल तुमच्यापेक्षा चांगलं चढतं.

तंबूत खाण्याचं काही नको, आणि "खाण्याचं" या शब्दात टूथपेस्ट, साबण, लिपबाम, भांडी घासलेलं पाणी हे सगळं येतं. लाडवांचा स्टीलचा डबा घट्ट बंद असतो, पण अस्वलाच्या नाकाला तो बंद नसतो. तो गाडीच्या डिकीत किंवा कॅम्पग्राउंडच्या लोखंडी पेटीत. फोडणीच्या वासाचे कपडेही तिथेच.

आणि कृपा करून मे महिन्यात निळाशार लेक लुईस बघायला येऊ नका. साधारण जूनच्या सुरुवातीपर्यंत त्यावर बर्फ असतो. तो रंग हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठाचा, आणि ते पीठ वितळत्या पाण्याबरोबर उन्हाळ्यात येतं. जुलै-ऑगस्ट धरा. मोरेन लेकला २०२३ पासून खासगी गाडी नेता येत नाही, शटलचं आरक्षण आधी करावं लागतं.

टोरांटोकर

डाउनटाउनमध्ये अस्वल नाही. आहे तो रकून, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला मांजराएवढा निशाचर प्राणी. त्याचे पुढचे पंजे हातासारखे चालतात, त्यामुळे ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यांना २०१६ पासून फिरवायची कडी आली. पाहुणे झाकण नुसतं टेकवतात, कडी फिरवत नाहीत. मग सकाळी अंगणभर आंब्याच्या कोयी. डब्यात मांसाची हाडं, एवढंच काय बाळाचे डायपरही चालतात. रकूनने गच्चीवर किंवा डेकवर घाण केली तर नुसत्या फिनाइल-ब्लीचने भागत नाही. त्यात जंतांची अंडी असू शकतात आणि ती ब्लीचने मरत नाहीत. हातमोजे, मास्क, उचलून पिशवीत, मग त्या जागी उकळतं पाणी.

काळ्या खारी दिसतात ती वेगळी जात नव्हे. करड्या खारीचंच ते काळं रूप.

न्यूफाउंडलंडकर

बॅन्फकरांचं सगळं बरोबर, पण आमच्याकडे मूस. हा प्राणी या बेटावरचा मूळचा नाहीच. १९०४ मध्ये न्यू ब्रन्सविकहून चार आणून सोडले, आज लाखावर आहेत. पाहुण्यांना वाटतं मूस म्हणजे जंगलात शोधायची वस्तू. धोका असतो तो हायवेवर, संध्याकाळनंतर. पाय एवढे लांब की गाडीचा बॉनेट पायांना लागतो आणि चार-पाचशे किलोचं धड थेट काचेवर येतं. हरणाचे डोळे दिव्यात चमकतात. मूसचे डोळे बहुतेक वेळा दिव्यांच्या झोताच्याही वर असतात आणि अंग गडद, त्यामुळे अंधारात तो अंधारच दिसतो. म्हणून अंधार पडल्यावर लांबचा प्रवास ठेवू नका. ठेवलाच तर वेग कमी, शेजारी बसणाऱ्याने रस्त्याच्या कडा बघायच्या, मोबाइल नाही. एक ओलांडून गेला की लगेच गाडी दामटू नका, मागे पिल्लू असतं.

एक गंमत पाहुण्यांना सांगा. कॅनडात भारताशी घड्याळाचा हिशेब पुऱ्या तासांत बसतो तो मुख्यतः आमच्या बेटावर: हिवाळ्यात नऊ तास, उन्हाळ्यात आठ. आमचाही अर्ध्या तासाचा वेळ.

विनिपेगकर

ध्रुवीय अस्वलं "मॅनिटोबात" असतात हे खरं, पण ती चर्चिलला, हडसन उपसागराच्या काठी. विनिपेगहून तिथपर्यंत रस्ताच नाही. विमान घ्या, नाहीतर सुमारे १,७०० किलोमीटरची रेल्वे, दोन रात्री धरून चाला. समुद्र गोठायची वाट बघत अस्वलं काठावर जमतात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. जुलैत बेलुगा व्हेल दिसतील.

गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर बघून सगळे म्हणतात, अरे वा, सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या! तो ब्लॉक हीटर. पेट्रोलच्याच गाडीचं इंजिन गरम ठेवणारा. उणे १५ च्या खाली गेलं की निघण्याआधी दोन ते चार तास लावायचा. रात्रभर लावणं म्हणजे विजेचं बिल. बाहेर वापरायची तीन पिनांचीच एक्स्टेंशन घ्या. आणि वायर काढल्याशिवाय गाडी काढू नका, हे दर हिवाळ्यात कुणीतरी करतंच. काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतणं हा दुसरा प्रकार. काच तडकते. खरवडायचं, वायपरच्या टाकीत उणे ४० चं निळं पाणी.

कपड्यांबद्दल उलटा गैरसमज आहे. भारतातून पाच जाड स्वेटर येतात आणि घरात तापमान २१. स्वेटर नकोत, थर हवेत: आत लोकर किंवा पॉलिस्टर, मध्ये फ्लीस, बाहेर वारा अडवणारं. आतला थर सुती असेल तर घामाने ओला राहतो आणि थंडी तिथून सुरू होते. बूट अर्धा नंबर मोठा. दोन मोजे कोंबून घट्ट झालेल्या बुटात रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा एका खिशाचे मिटन बरे. हवामानात "विंड चिल" (वाऱ्यामुळे जाणवणारं तापमान) उणे २८ च्या खाली दिसलं तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० च्या खाली ५ ते १०.

हॅलिफॅक्सकर

नोव्हा स्कोशियात अस्वलापेक्षा गोचीड जास्त त्रास देते. तिच्या चाव्यातून लाइम रोग (जिवाणूंचा संसर्ग) होतो. उंच गवतात जाताना पँट मोज्यात खोचा. घरी आल्यावर कपडे आधी धुवू नका. कोरडेच ड्रायरमध्ये, जास्त उष्णतेवर १० मिनिटं. धुण्याच्या पाण्यात गोचीड मरतेच असं नाही, कोरड्या उष्णतेत मरते. मग काखा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत तपासा. चिकटलेली असेल तर रॉकेल, जळती काडी, तेल यातलं काहीही नको. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही. नंतर साबणपाणी, तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत पसरणारं लाल वर्तुळ किंवा ताप आला तर फार्मसीत किंवा डॉक्टरकडे.

मिसिसागाकर

"कॅनडात उपचार फुकट" हा सगळ्यात महाग गैरसमज. पाहुण्यांना ते फुकट नाहीत. आई-बाबा सुपर व्हिसावर येत असतील (एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं) तर किमान एक लाख डॉलरचा, एक वर्षाचा विमा अटच आहे. साध्या व्हिजिटर व्हिसाला ती अट नाही, म्हणून लोक घेत नाहीत.

पॉलिसीत बघायचा शब्द "स्थिर". आधीपासूनचा रक्तदाब-मधुमेह धरणाऱ्या पॉलिसीत तो आजार ठरावीक दिवस स्थिर असावा लागतो, बहुधा ९० किंवा १८०. या काळात गोळीचा डोस वाढला तर अस्थिर. पुष्कळ पॉलिसींत कमी झाला तरी अस्थिर. निघण्याच्या आदल्या आठवड्यात "एकदा चेकअप करून घेऊ" म्हणत डॉक्टरांकडून गोळी बदलून आणली की दाव्याचं काही खरं नाही. चेकअप चार-सहा महिने आधी उरकून घ्या.

व्हँकुव्हरकर

छत्री आणा. हिवाळ्यात इथे बर्फ थोडा, पाऊस फार.

ओटावाकर

किरकोळ तीन. शेल्फवरच्या किमतीत कर नसतो. ऑन्टारियोत काउंटरवर १३ टक्के चढतात, अल्बर्टात ५. एक सेंटचं नाणं २०१३ मध्ये बंद झालं, रोख दिलं तर रक्कम जवळच्या पाच सेंटच्या पटीत धरतात. आणि चार लिटर दूध तीन पिशव्यांत मिळतं, हे बघून अमेरिकन माणूस चक्रावतो, आपला नाही. फक्त पिशवी फोडून पातेल्यात ओतायची नाही. ती जगमध्ये उभी ठेवून वरचा कोपरा कापायचा, छोटा. मोठा कापला की धार सांडते.

कालवा गोठलेला दिसला म्हणून बर्फावर उतरू नका. एकट्याने चालायलाही स्वच्छ निळसर बर्फ १५ सेंटीमीटर हवा, गटासाठी २०. इथल्या रिडो कालव्यावरचा स्केटिंगचा रस्ता उघडायला तर सुमारे ३० लागतो, आणि २०२२-२३ च्या हिवाळ्यात तो एक दिवसही उघडला नाही.

स्कंकचं (घाण वासाचा फवारा मारणारा काळा-पांढरा लहान प्राणी) कुणी लिहिलं नाही म्हणून. कुत्र्यावर फवारा बसला तर टोमॅटोचा रस व्यर्थ, त्याने वास नुसता झाकला जातो. तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक लिटर, खायचा सोडा पाव कप, भांड्याचा द्रव साबण एक-दोन चमचे. कुत्रा कोरडा असतानाच चोळा, डोळे वाचवा, पाच मिनिटांनी धुवा. जुने कपडे घाला, रंग उडतो. मिश्रण ताजंच करायचं आणि उरलेलं ओतून द्यायचं. बाटलीत भरून झाकण लावलं तर आत वायू साठून बाटली फुटते.