'फॉन्ट'ला मराठीत काय म्हणाल? (टायपिंगचा नव्हे, चर्चमधला)

वेलदोडा
मंडळी, घाईत आहे, मदत करा. मी इंग्लंडमध्ये हेरेफर्डजवळ राहते. इथे जवळच अर्डस्ली नावाचं खेडं आहे, तिथल्या सेंट मेरी मॅग्डलीन चर्चमध्ये 1150 च्या आसपासचा दगडी फॉन्ट आहे, म्हणजे पाणी भरून बाळाला बाप्तिस्मा देतात तो. आमच्या मंडळाचे ज्येष्ठ नागरिक बस करून बघायला येतायत आणि त्यांच्यासाठी एक पान मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मशीनने 'बाप्तिस्म्याचा टंक' असं दिलं. मी 'दगडी डोणी' लिहिलं तर सासरे म्हणाले, अगं डोणीत म्हशी पाणी पितात, देवाच्या घरात डोणी कसली! आता काय लिहू?

शनिवारचा_पेठकर
बाप्तिस्माकुंड. चांगला संस्कृत शब्द असताना डोणी नि फॉन्ट कशाला?

काळीमाती
कुंड जमिनीत असतं हो. पायऱ्या उतरून जायचं, नाहीतर यज्ञाचं. हा उभा आहे ना? आणि कुंडी म्हणाल तर लोक तुळस शोधतील.

वेलदोडा
उभाच आहे. मोठ्या पेल्यासारखा, खाली आखूड जाड दांडा. वरच्या भागावर सगळीकडून कोरीव काम, काठाजवळ आणि दांड्यावर वेलीसारख्या गुंतलेल्या गाठी. एका बाजूला दोन योद्धे भांडतायत, एकाकडे भाला, दुसऱ्याकडे तलवार. अंगावरच्या कपड्यांच्या चुण्या अशा की दोरखंड गुंडाळल्यासारखं वाटतं. पुढे येशू एका माणसाला मनगट धरून नरकातून ओढून काढतोय, अगदी विहिरीत पडलेल्याला काढावं तसा. आणि एक भलामोठा सिंह. त्या दोन योद्ध्यांबद्दल आख्यायिका अशी सांगतात की बास्करव्हिल घराण्यातला रॅल्फ आणि त्याचा सासरा यांचं ते द्वंद्व आहे. हे मी सासऱ्यांना सांगितलेलं नाही :)

बाराखडी
मग चषक म्हणा की.

काळीमाती
चषक म्हटलं की आमच्याकडे आमदार चषक, बॉक्स क्रिकेट, बक्षीस एकतीस हजार.

नगरी_बाणा
आमच्या चर्चच्या कागदात कुणीतरी एकदा 'बाप्तिस्मापात्र' लिहिलं होतं. वडील वाचून म्हणाले, हे भांडं आहे की बाप्तिस्मा घ्यायला लायक झालेला माणूस? करपात्र, शिक्षापात्र, तसं बाप्तिस्मापात्र. त्यानंतर आम्ही घरात पंधरा दिवस एकमेकांना चहापात्र म्हणत होतो.

शनिवारचा_पेठकर
गंमत जाऊ द्या. 'पवित्र जलकुंभ' कसं वाटतं?

बाराखडी
पालिकेची पाण्याची टाकी. खाली बोर्ड, 'उद्या पाणी येणार नाही'.

वसईची_लेक
आमच्याकडे छापील मजकुरात स्नानसंस्कार असतं, घरात मात्र बाप्तिस्माच. पण स्नानसंस्काराचं भांडं म्हटलं की डोळ्यासमोर घंगाळ येतं, आजी त्यात आम्हाला बसवून पाठ घासायची. आणि खरं सांगायचं तर ते अगदीच चुकीचं नाही, जुने फॉन्ट एवढे मोठे असायचे ते बाळाला पाण्यात बुडवत म्हणूनच. डोक्यावर नुसतं पाणी ओतायची पद्धत रुळली तेव्हा लहान भांडंही चालायला लागलं.

शनिवारचा_पेठकर
बाप्तिस्मा हाच मुळात आयात शब्द. तुम्ही आयातीवर आयात चढवताय.

नगरी_बाणा
आयात म्हणा, पण आता किती पिढ्यांचा आहे ते बघा. पंडिता रमाबाईंचा 1883 साली इंग्लंडमध्येच, वाँटेजला झाला, ना. वा. टिळकांचा 1895 ला मुंबईत. दोघांबद्दल मराठीत बोलताना बाप्तिस्माच म्हणतात, स्नानकुंडप्रवेश झाला असं कोणी म्हटलेलं ऐकलंय का? आणि ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स विल्टशायरच्या खेड्यातले. इंग्लंडच्या खेड्यातला माणूस 1616 साली मराठीत ओव्या रचतो आणि आपल्याला तिथल्या एका दगडाचं नाव लिहायला शुद्धिपत्र लागतं!

शनिवारचा_पेठकर
स्टीफन्सनी मराठीची स्तुती केली ती तिच्या गोडव्यासाठी, 'फॉन्ट'साठी नव्हे.

शब्दवेडा
थोडं मुळाशी जाऊ. हा फॉन्ट लॅटिन 'फोन्स'वरून, म्हणजे झरा. पणजीतलं फोंतेन्हास त्याच कुळातलं, पोर्तुगीजमध्ये छोटे झरे. टायपिंगचा फॉन्ट वेगळा, तो फ्रेंचमधल्या धातू ओतण्याच्या शब्दावरून, छपाईचे खिळे ओतायचे ना. म्हणजे मशीनने दोन परक्या माणसांना एकाच घरात कोंडलं. माझा तर अंदाज आहे की फोंडाघाटसुद्धा...

काळीमाती
फोंडाघाटात लॅटिन कधी शिकवायला लागले?

शब्दवेडा
बरं तो मुद्दा मागे. पण डोणीची बाजू मी घेणार. डोणी म्हणजे संस्कृत द्रोणी, आणि रामायणात दशरथाचा देह भरत येईपर्यंत तैलद्रोणीत ठेवला होता. राजाला चालली ती डोणी चर्चला का चालू नये? वेलदोडाताई, सासऱ्यांना हे सांगा.

वेलदोडा
सांगितलं. म्हणाले, बाळाच्या बारशाच्या ठिकाणी प्रेताची गोष्ट काढतात का. मुद्दा त्यांचा बरोबर आहे.

वसईची_लेक
म्हशींचंच म्हणाल तर 1640 च्या दशकात इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या वेळी राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटवाल्यांनी कितीतरी चर्चमधले फॉन्ट उखडले, त्यातले काही गुरांना पाणी पाजायला गेले, काहींत फुलझाडं लागली. म्हणजे डोणी पण झाली आणि कुंडी पण.

काळीमाती
आणि हेरेफर्ड म्हणजे तर गाईंचीच जात. जमलं की!

नगरी_बाणा
झाकणाबद्दल पण लिहा त्या पानावर. पाणी मंत्रून बरेच दिवस तसंच ठेवत, आणि लोक ते जादूटोण्याला चोरून न्यायचे. म्हणून 1236 ला कँटरबरीच्या आर्चबिशपनी, एडमंड नाव, फॉन्टला झाकण घालून कुलूप लावायचा हुकूम काढला. कितीतरी जुन्या फॉन्टच्या काठावर त्या लोखंडी कड्या उपटल्याच्या खुणा, टवके उडालेले, अजून दिसतात.

बाराखडी
आमच्या आजीच्या तीर्थाच्या गडूलाही झाकण होतं, पण कुलूप फक्त लोणच्याच्या बरणीला.

शनिवारचा_पेठकर
गडू नव्हे, गडवा.

बाराखडी
आमच्याकडे गडूच. गडवा तुमच्या पेठेत असेल.

वसईची_लेक
आणि मोठा असेल तर तांब्या.

शनिवारचा_पेठकर
तांब्या हा धातूवरून पडलेला शब्द आहे, आकारमानावरून नव्हे. स्टीलच्या तांब्याला तांब्या म्हणणं हीच मुळात चूक.

काळीमाती
मग स्टीलच्याला काय म्हणायचं, स्टील्या?

वेलदोडा
अहो सोमवारी पान छापायला द्यायचंय! सध्या 'बाप्तिस्म्याचा दगडी फॉन्ट' लिहून कंसात डोणी टाकलंय.

शब्दवेडा
कंस काढू नका. बाय द वे, कोकणात डोणी म्हणजे लहान होडी असं मामा म्हणायचा, गुरांची ती डोण. कोणी खात्रीने सांगेल का?

काळीमाती
उलटं. आमच्या गोठ्यात आहे ती डोणीच, आजोबांच्या वेळची, एका बाजूला टवका उडालाय. उद्या फोटो टाकतो.