तिरंदाजीच्या बाणाला तयार फ्लेचिंग (मागची पिसं किंवा पाती) की जिगवर स्वतः चिकटवलेलं?

नॉकपॉइंट
"बाण व्हेन (मागची प्लास्टिकची पाती) लावूनच मिळतात, मग जिग (ती चिकटवायचा साचा) घेऊन कोण बसणार?" हा सूर हल्ली फार ऐकू येतो. माझं मत उलट आहे. पहिला डझन तयार घ्यायला हरकत नाही, पण पाउंडेज (धनुष्य ओढायला लागणारा जोर) आणि ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे ओढता ते अंतर) स्थिरावली की फ्लेचिंग स्वतःच करावं. शाफ्टची (बाणाच्या दांड्याची) कडक बाजू कुठे आहे हे तयार बाणात कोणी बघितलेलं नसतं. बेअर शाफ्ट (व्हेन न लावलेले) मारत, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) थोडा थोडा फिरवत सगळे शाफ्ट एका जागी आणायचे आणि मग त्या नॉकच्या हिशोबाने कॉक व्हेन (वेगळ्या रंगाची, दिशा दाखवणारी) लावायची, हे तिथे जमत नाही. नॉक फिरवला की धनुष्याच्या संदर्भात व्हेनही फिरते आणि रेस्टला (धनुष्यावरच्या बाण टेकवायच्या आधाराला) घासायला लागते.

सरळरेघ
साफ असहमत. नॉक ट्यूनिंगचा फरक दिसायला मुळात ग्रुप (टार्गेटवर बाणांचा पुंजका) तेवढा लहान असावा लागतो. १८ मीटरवर ज्याचे बाण फेसभर (टार्गेटच्या कागदभर) पसरतात, त्याला कडक बाजू शोधून काय मिळणार? घरच्या कामातली चूक मात्र नक्की भोवते. एका बाणाच्या व्हेन शाफ्टशी १ अंशात तिरक्या आणि दुसऱ्याच्या ३ अंशात बसल्या, तर दोघांचा ड्रॅग वेगळा आणि लांबच्या अंतरावर उंची वेगळी. क्लॅम्प (व्हेन धरणारा चिमटा) जिगच्या चुंबकाला पुरता टेकलेला नसला तरी हेच होतं, आणि ते डोळ्याला दिसत नाही. एका डझनात ३६ व्हेन. पंचविसाव्या व्हेनपर्यंत लक्ष टिकणारे किती जण असतात?

पिसारा
शेल्फवरून (रेस्ट न लावता, धनुष्याच्या मुठीवरच्या कट्ट्यावरून) मारणाऱ्यांना दोघांनीही सोडून दिलंत. प्लास्टिकची व्हेन शेल्फला आपटते आणि बाणाची शेपूट उडते. पीस दबून निघून जातं. त्यासाठी टर्कीची ४ किंवा ५ इंची पिसं लागतात, आणि हव्या त्या स्पाइनच्या (ताठरपणाच्या) शाफ्टवर ती तयार लावलेली मिळतीलच असं नाही. म्हणून आमच्यासाठी हाताने चिकटवणं हा शौक नाही, नाइलाज आहे.

करणाऱ्यांसाठी एकच ताकीद: डाव्या आणि उजव्या पंखाची पिसं एका बाणावर मिसळू नका. पिसाचा बाक पंखानुसार वेगळा असतो, तेव्हा हेलिकल (पीळदार) क्लॅम्पही त्याच बाजूचा घ्या. उलटा घेतलात तर पीस नीट बसत नाही आणि बाण फिरण्याऐवजी नुसता अडखळतो.

उष्णनळी
मधला मार्ग कोणी काढलाच नाही. व्हेन आधीच बसवलेल्या श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आकसणाऱ्या नळ्या) मिळतात. शाफ्टवर चढवायची, उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवायची, बाहेर काढून आत गेलेलं पाणी झटकायचं, झालं. कोन सगळ्या बाणांवर एकसारखा. व्हेन फाटली तर जुनी स्लीव्ह चिरून नवी चढवा. डिंक नाही, जिग नाही.

नॉकपॉइंट
@उष्णनळी, वजनाचं काय? ३५० ग्रेनचा २८ इंची बाण धरा, तोल नॉकपासून १६.५ इंचावर. मध्यापासून तो २.५ इंच पुढे, म्हणजे एफओसी (तोल मध्याच्या किती पुढे, ते लांबीच्या टक्क्यांत) साधारण ८.९ टक्के. आता नॉकपासून २ इंचांवर १० ग्रेन वाढवा: तोल १६.१ वर येतो आणि एफओसी ७.५ वर. मग पॉइंट (बाणाचं टोक) जड करा, म्हणजे शाफ्ट मऊ वागणार, म्हणजे स्पाइन पुन्हा तपासा. एवढ्या उठाठेवीपेक्षा डिंक परवडला.

उष्णनळी
हे गणित टार्गेटसाठी मान्य. सरावाच्या बाणांना एवढा काटा कोण लावतं?

कोरडा_शाफ्ट
वाद चालू द्या, पण घरी लावलेल्या व्हेन का निघतात ते आधी बघा. दहातल्या नऊ वेळा दोष डिंकाचा नसतो, तेलकटपणाचा असतो. शाफ्टचा मागचा भाग बारीक पॉलिशपेपरने हलकेच मंद करा, चकाकी गेली की थांबा. कार्बनचे धागे उघडे पडता कामा नयेत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुसलेल्या जागेला बोट लावू नका. व्हेनचा तळही पुसा, साच्यातला तेलकट थर तिथे राहिलेला असतो.

डिंक लावण्याआधी व्हेन क्लॅम्पमध्ये धरून कोरडी टेकवा आणि उजेडासमोर बघा. बारीक शाफ्टवर ३ अंशांचा कोन दिला की तळाची दोन्ही टोकं अधांतरी राहतात. फट दिसली तर कोन कमी करा. डिंकाने फट बुजवायला जाऊ नका. सायनोअ‍ॅक्रिलेटची (झटपट चिकटणाऱ्या डिंकाची) केसाएवढी रेघ पुरते. जाड रेघ बाजूने ओघळते, क्लॅम्पला चिकटते आणि उशिरा सुकते. तीनही व्हेन लागल्यावर प्रत्येकीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक थेंब द्या. बाण टार्गेटमध्ये खोल गेला की पहिलं उचकटतं ते पुढचं टोक.

सरळरेघ
म्हणजे पॉलिशपेपर, अल्कोहोल, उजेड, थेंब... आणि हे सगळं बारा वेळा. माझाच मुद्दा सिद्ध केलात की!

कोरडा_शाफ्ट
@सरळरेघ, तयार बाणाची एक व्हेन फाटल्यावर काय करता? कारखान्याचा कोन कुठे लिहिलेला नसतो. शेजारच्या व्हेनवर क्लॅम्प बसवून जिग जुळवता येतो, पण त्यालाही जिग लागतोच. नाहीतर बाण बाजूला पडतो. आणि वर्ल्ड आर्चरीच्या नियमात एका एंडमधले (एका फेरीत मारायचे) बाण फ्लेचिंगच्या रंगासकट एकसारखे लागतात, त्यामुळे दुसऱ्याच डझनातला बाण घुसडून चालत नाही.

सरळरेघ
त्यासाठी एक जिग घरात असावा, हे मान्य. दुरुस्तीपुरता. नवा डझन मात्र तयारच घेणार.

पिसारा
रिकर्व्हवाल्यांनी (टोकं पुढे वळलेलं धनुष्य वापरणाऱ्यांनी) वाकड्या मायलरच्या (पातळ प्लास्टिकच्या) स्पिन व्हेन बघाव्यात. दुहेरी टेपवर बसतात, टोकांना टेपचा वेढा. शाफ्टवर बारीक रेघा आखून ठेवल्या तर दोन एंडच्या मध्येही बदलता येतात, जिगशिवाय. टिकाऊ म्हणाल तर अजिबात नाहीत.

कोरडा_शाफ्ट
जुन्या व्हेन काढताना ब्लेड शाफ्टला जवळजवळ आडवं धरा. कार्बनला खाच पडली, किंवा वाकवून पिळताना करकर ऐकू आली, तर तो शाफ्ट मोडून फेकून द्या. सुटताना फुटलेला कार्बन थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतो.