मदत हवी आहे: जुन्या अ‍ॅनालॉग मिक्सरवर रेगे मिक्स करताना बेस फाटतो

नमस्कार मंडळी,

मित्राच्या बँडची चार रेगे गाणी मिक्स करतोय. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर झालंय, पण मिक्स जुन्या १६ चॅनलच्या अ‍ॅनालॉग मिक्सरमधूनच काढायचाय. बेस (गिटार) आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकत्र वाजले की जो भारदस्त आवाज येतो, तो मला कॉम्प्युटरमध्ये कधी मिळाला नाही.

अडतं ते डबच्या भागात, म्हणजे जिथे वाद्यं काढून-घालून एकोचे खेळ करतात. रिमशॉट (स्नेअर ड्रमच्या कडेवरचा फटका) एकोला पाठवतो, एको एका चॅनलवर परत घेतो आणि त्याच चॅनलच्या ऑक्समधून (आवाज बाहेर पाठवायची वेगळी वाट) पुन्हा एकोलाच पाठवून फीडबॅक वाढवतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला बेस फाटतो. व्हीयूची (आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरची) सुई मात्र शून्याच्या आसपासच! मास्टर फेडर खाली घेऊन पाहिला; आवाज लहान झाला, फाटणं तसंच. बेस कमी केला तर रेगेच उरत नाही. काय करू?

प्रतिसाद

मास्टर खाली घेऊनही फाटतोय, म्हणजे गडबड त्याच्या आधी आहे. सगळे चॅनल जिथे एकत्र होतात तो समिंग अ‍ॅम्प मास्टर फेडरच्या अलीकडे असतो. ±१५ व्होल्टवर चालणारा ऑप-अ‍ॅम्प (त्यातली आवाज वाढवणारी चिप) साधारण +२१ डीबीयूला (डीबीयू हे सिग्नलच्या पातळीचं एकक) संपतो, त्यावर आवाज फाटतो. ० व्हीयू म्हणजे +४ डीबीयू धरलं तर वर १७ डीबी जागा, म्हणजे हेडरूम, उरते. रेगेत त्यातली बरीचशी बेस-किकच खातात. सुईवर भरवसा ठेवू नका, ती सरासरी दाखवते. तिला वर चढायला ३०० मिलिसेकंद लागतात, तोवर रिमशॉटचं टोक येऊन गेलेलं असतं.

तेव्हा मास्टर जागेवर ठेवा आणि सगळे चॅनल फेडर ६ डीबी खाली घ्या. रिमशॉटच्या माइकमध्ये किकही शिरलेली असणार, ती दर फेरीत साचते. एकोच्या चॅनलवर लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावा. फीडबॅक तिथूनच जातोय, म्हणून प्रत्येक फेरीत खालचा भाग आणखी कापला जाईल. जमैकात किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागात डबचे उस्ताद किंग टबी यांच्या एमसीआय कंपनीच्या मिक्सरवरचा पायरी-पायरीने चढणारा हाय-पास फिल्टर आठवा. तो फिरवला की खालचा भाग निघून जायचा आणि एकोला मोकळं रान मिळायचं. ऐकताना ती कलाकारी वाटते, आणि आहेच. पण हेडरूमचंही काम त्यात होतं.

धागाकर्ता

मनापासून आभार! काल रात्री करून पाहिलं. एको आठ-आठ फेऱ्या जातो, बेस शाबूत. फक्त बेस आता किंचित गुळगुळीत वाटतोय. आधीचा थोडा खरखरीतपणा हवा होता.

प्रतिसाद

मग तो खरखरीतपणा फक्त बेसच्या चॅनलवर आणा. गेन (चॅनलच्या सुरुवातीलाच आवाज वाढवणारं बटण) वाढवा, तेवढाच फेडर खाली. चॅनल थोडा फाटेल, पण समिंग अ‍ॅम्पवर भार पडणार नाही. गेन १-१ डीबीने चढवा आणि दर वेळी किकसोबतच ऐका, एकटा बेस फसवतो.