‘प्लस’ गणिताच्या वहीतच बरा?

पाटीपेन्सिल: काल दुसरीतल्या भाचीचा अभ्यास घेत होते. ‘सात अधिक पाच’ म्हटलं, तर ती नुसती बघत राहिली. ‘मावशी, सेव्हन प्लस फाइव्ह म्हण ना!’ बरं बाई, म्हटलं. पण तेवढ्यात बहीण आतून म्हणाली, ‘पाऊस आहे, प्लस रिक्षा मिळणार नाही, उद्याच जा.’ इथे ‘प्लस’ कशाला? ‘त्यात’ आहे, ‘शिवाय’ आहे. प्लस पॉइंटला ‘जमेची बाजू’ आहे. वहीबाहेर ‘प्लस’ नकोच, असं माझं मत.

चष्मेवाला: माझ्या दुकानात येऊन बघा. ‘प्लस दीड’ म्हणजे वाचायचा नंबर. ‘अधिक दीड’ म्हटलं तर गिऱ्हाईक घाबरून विचारेल, ‘वाढला का हो?’ इथे बेरीज नाहीच, भिंग बहिर्गोल आहे एवढाच अर्थ. रक्तगटाचंही तेच. ‘बी प्लस’मध्ये जास्त काही नसतं, तांबड्या पेशींवर ‘आरएच’ नावाचा घटक असतो इतकंच.

पाटीपेन्सिल: चष्मा आणि रक्त तुमचं. पण ‘साठ प्लस’? साठी ओलांडलेली माणसं कुठे गेली?

जुनी_वही: ‘जमेची बाजू’ला माझं मत. लॅटिनमध्ये ‘प्लस’ म्हणजे ‘जास्त’. आणि + हे चिन्ह पहिल्यांदा छापलेलं दिसतं ते १४८९ साली लायपझिगला, योहानेस विडमानच्या व्यापारी हिशेबाच्या पुस्तकात, तेही मालाची वाढ-तूट दाखवायला. म्हणजे मूळ जमाखर्चातच. (गंमत म्हणजे आपल्या बख्शाली या जुन्या गणिताच्या हस्तलिखितात + सारखी खूण ऋण संख्येला लावलेली आहे. तिथे तुमची भाची नापास.)

वांगी_भरीत: इतिहास राहू द्या. ‘शिवाय’वर एवढा भरवसा कशाला? ‘साखरेशिवाय चहा’ म्हणजे साखर वजा. ‘चहा, शिवाय साखर’ म्हणजे साखर जमा. एकच शब्द दोन्हीकडून बोलतो!

पाटीपेन्सिल: जोडून आला की उणे, सुटा आला की अधिक. कुणाचा गोंधळ होत नाही.

वांगी_भरीत: होतो. गेल्या गणपतीत मी आचाऱ्याला सांगितलं, ‘घरच्यांशिवाय वीस पानं.’ मला म्हणायचं होतं वीस पाहुणे, वर आम्ही सहा. त्याने घरचे वगळले आणि वीस जणांपुरतंच रांधलं. शेवटच्या पंगतीला आम्ही सहा जण वरण-भातावर. मोदक संपलेले. ‘वीस प्लस सहा’ म्हटलं असतं तर?

चष्मेवाला: 😄 मोदकांबद्दल सहानुभूती.

पाटीपेन्सिल: ‘घरचे धरून सव्वीस’ म्हणायचं होतं. ‘धरून’ आणि ‘सोडून’. माझी आजी याद्या अशाच करायची, एक पान कधी कमी पडलं नाही.

वांगी_भरीत: ‘धरून’ मान्य. पण यंदा आचाऱ्याच्या चिठ्ठीवर मी २० + ६ च लिहिणार.