मदत हवी आहे : जानापावच्या माथ्यावर ४० मीटर बँडचा अँटेना

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा, परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक. दिवाळीनंतर महूजवळच्या जानापाव टेकडीवरून, म्हणजे चंबळेच्या उगमापासून, ५ वॅटवर मोर्सने संपर्क साधायचे फार मनात आहे. ७ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ४० मीटर तरंगलांबीच्या बँडचा, अर्धतरंग डायपोल (मधोमध जोडणी असलेली तारेची अँटेना) जवळपास २० मीटर लांब होतो. मधोमध फायबरचा खांब उभारून दोन्ही टोके उतरती बांधणार. पण खाली काळा कातळ, खुंटी धरेल असे वाटत नाही, आणि वर वारा मोकाट. खांबाला ताणाचे दोर कसे द्यावेत? मोठ्या दगडांना दोर बांधून भागेल का? की एका टोकाने फीड होणारी तारच बरी? माझा कल डायपोलकडे आहे, त्या तारेला लागणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची भानगड नको. सह्याद्रीतल्या गडांवर स्टेशन लावणाऱ्यांनी जरूर सांगा. आणि दुपारभरासाठी १२ व्होल्ट, ६ अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी पुरेल ना?